क्लाइव्हसाठी काय वाजवायचं

दहनगृहातल्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलंय:
वीस मिनिटं, त्यातली सात पाद्र्याची,
उरलेल्यात काय ते गाणं बसवा,
आणि त्यात शिव्या असतील तर आधी कळवा.

ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात आम्ही.
ग्रिम्सबीच्या गोदीवरचा वारा
खिडकीची फट शोधत आत आलेला.
टेबलावर निवलेला चहा, दोन रेकॉर्डी.

मर्विन म्हणाला, रेंटबुक. दुसरं काय?
एक मिनिट बावन्न सेकंद.
तीन कॉर्ड आणि एक राग,
मैफलीतला नव्हे, डोक्यातला.
आपल्या बापांच्या हातांना मासळीचा वास होता
आणि हातांना काम नव्हतं,
तेव्हा बर्फाच्या कारखान्यामागे कुणीतरी ओरडलं,
वाजवता येत नाही? मग वाजवाच.

मी म्हणालो, दार फोडलं त्यांनी, कबूल.
पण उंबऱ्यावरच नाचत बसले.
आत गेले ते कोल्ड स्टोअर.
अंधारात चाचपत भिंती मोजल्या त्यांनी.
बास पुढे, गिटार बाजूला, तडकलेल्या काचेसारखी,
आणि ड्रम असे, की रिकाम्या शीतगृहात
कुणी एकटाच खोकी रचतोय.

भिंती मोजायच्या होत्या
तर नगरपालिकेत चिकटायचं होतं, मर्विन म्हणाला.

पंचेचाळीस वर्षं हेच.
दर गुरुवारी, त्याच कोपऱ्यातल्या टेबलाशी.
कुठल्याही गावच्या पोराने गिटार उचलली
की आम्ही त्याची वंशावळ काढणार:
याची आई कोल्ड स्टोअर,
बापाचा पत्ता नाही.

क्लाइव्ह कायम मर्विनच्या बाजूचा.
कोल्ड स्टोअर म्हणजे ओव्हरकोट घातलेली सर्दी, म्हणायचा.
त्यांची दुसरी रेकॉर्ड मी विकत घेतली
म्हणून एक्क्याऐंशीत तीन महिने बोलला नाही माझ्याशी.
मधेच माझे वडील गेले.
तेव्हा दारात येऊन उभा राहिला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला हॅडॉक घेऊन,
तो माझ्या हातात दिला,
आणि न बोलताच परत गेला.
महिने अजून पुरे व्हायचे होते.

ग्लेनिसने चष्मा पुसला.
दोन्ही तबकड्या पाकिटांतून काढून
दिव्याखाली तिरप्या धरल्या.
रेंटबुकची काळीभोर,
जशी दुकानातून आणली तशी.
कोल्ड स्टोअरच्या दुसऱ्या बाजूचा तिसरा पट्टा
राखाडी पडलेला,
कोटाची बाही कोपरापाशी विरते तसा.
रात्रपाळीहून आला की, ती म्हणाली,
बूटसुद्धा न काढता, हेडफोन लावून.
मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

मर्विन बराच वेळ साखरेच्या भांड्याकडे बघत होता.
मग म्हणाला, नावं ठेवायलाही
नीट ऐकावं लागतंच की.

मी काही बोललो नाही.
एवढ्या वर्षांचा खटला जिंकलो होतो
आणि समोरच्या बाकावर कुणी नव्हतं.

तेवढ्यात फ्रिज उघडून उभी असलेली त्यांची नात ईडन,
एकोणीस वर्षांची, दुधाची बाटली तोंडाला लावत म्हणाली,
मघापासून दोन्ही ऐकतेय फोनवर,
मला तर सारखीच वाटतात.

मर्विन आणि मी एकदमच वळलो,
एकदमच तोंड उघडलं.
आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला.

बस, मर्विनने खुर्ची ओढली. ते दूध ठेव.
मी सुईवरचा धूळकण फुंकला.
ग्लेनिस म्हणाली, आधी कुठली लावताय?
आणि झालं, पुन्हा सुरू.

हो, बाईंना कळवायचं राहिलं:
शिव्या आहेत. दोन.
दुसरी तिथे झिजलीय,
नीट ऐकू येत नाही.