चिपाडाचं छत

पाचला चढायचं, आठला उतरायचं.
नवानंतर पत्र्याखाली माणसाचा पापड होतो,
हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.
दुसरा : पाय फक्त तुळईवर.
मधे पडला तर थेट ऑर्तेन्सियाबाईंच्या
चुलीवरच्या कॉफीत.
तिसरा मी नोएलला दोनदा म्हणायला लावतो :
चंदेरी कागदाला टाचणी मारण्याआधी
घराची वीज बंद. सगळी. स्वतः बघून.

इनिसफेल, उत्तर क्वीन्सलँड, फेब्रुवारी.
इथे मीठ सुटं राहत नाही, टॉवेल वाळत नाही,
बुटांना एका रात्रीत हिरवी लव येते
आणि पावसाला कोणी नाव ठेवत नाही,
वर बघून नुसतं 'अजून' म्हणतात.

घर अडतीस सालचं. लाकडी खांबांवर उभं,
चिखलातून झगा वर धरून निघालेल्या बाईसारखं.
एकेरी फळीच्या भिंती, काचेच्या झडपा,
बांधणाऱ्याला थंडी ठाऊक नव्हती, वारा ठाऊक होता.

मग ब्रिस्बेनहून मुलगा आला, रेनातो.
प्रेमानेच त्याने झडपा सिलिकॉनने बुजवल्या,
भिंतींना आतून प्लास्टिक ताणलं,
थंडाव्याचं यंत्र लावलं.
पुस्तकात तसंच होतं.
पुस्तक बर्फाच्या गावात लिहिलेलं,
तिथे वाफ आतून बाहेर जायला बघते.
इथे ती बाहेरून आत घुसते, दार न वाजवता,
आणि गार प्लास्टिकला पाठ टेकली
की घामाघूम.
कपाट ओढलं तर मागे काळे नकाशे,
बेटं, सामुद्रधुन्या,
एलिजोच्या लग्नातल्या कोटाच्या खांद्यावर एक अख्खा खंड.

वर विजेरी फिरवली.
पालीची अंडी, गांधीलमाशीची मातीची घरं,
बोटभर धूळ, एक ऊसतोडीचा कोयता,
मूठ कापडाने गुंडाळलेली.
आणि खाली छताच्या फळ्या :
मऊ, तपकिरी, दाबलेलं चिपाड.

'छत उसाचं आहे!' मी खाली ओरडलो.
'माहीत आहे,' बाई म्हणाल्या,
'एलिजो आडवा झाला की म्हणायचा,
दिवसभर मी याला कापतो,
रात्रभर हा मला बघतो.'

नोएल तोगो गुडघ्यावर बसून राहिला.
'माझ्या पणजोबांना बेटावरून जहाजात घालून आणलं,
हेच कापायला.'
त्याने फळी पुसली. शिक्का होता,
कारखान्याचा.
मी विजेरी तशीच धरून ठेवली,
काय बोलायचं ते सुचलं नाही.
मग तो म्हणाला, 'दे गादी.'

तीन पहाटा लागल्या.
पत्र्याखाली चंदेरी कागद, त्याला मोकळी हवा,
छतावर काचलोकरीच्या गाद्या,
आढ्याला फिरणारी भिंगरी, तापलेला श्वास बाहेर टाकायला.
भिंतींना काही नाही. बाईंनी विचारलं तेव्हा
मी हिशेब न करताच नको म्हटलं.
प्लास्टिक फाडा. झडपा उघडा.
यंत्र एकाच खोलीत, दार लावून, रात्रीपुरतं.

'रेनातोला वाईट वाटेल,' त्या म्हणाल्या,
आणि कोयता मागितला.

ऐंशी ओलांडलेली बाई, खुर्चीवर,
सिलिकॉनची पांढरी दोरी सोलते आहे,
जून उसाची साल निघावी तशी लांबच लांब.
सहावी झडप करकरली.
अंजिराचं झाड, डिझेल, ओली माती,
शेजाऱ्याचा कुत्रा, सगळंच आत आलं.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला
त्यांनी खुर्चीवरूनच छताला तळहात लावला.
बराच वेळ.
आधी तिथे हात ठरत नसे.
'कोमट,' त्या म्हणाल्या, जराशा नाराजीने,
जणू कोणी ठरलेल्या भेटीला आलं नव्हतं.

मग उतरल्या, हात पुसला :
'बिल रेनातोला पाठव.
झडपांचं लिहू नकोस.'