खिळ्याहून हातभर वर

पुराची रेघ अजून आहे शेवंताच्या भिंतीवर,
कॅलेंडरच्या खिळ्याहून हातभर वर.
तिनं चुना लावू दिला नाही.

पोरगा काकिनाड्याला, खाडीच्या चिखलात तिवरं लावतो.
फोनवर सांगतो : माय, इथं मुळं वर येतात, श्वास घ्याले.
अन् तुमच्या नागपूरच्या पन्न्या त्यातच अडकतात,
कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत करत.

"माह्याच असतीन एखाद-दोन," ती म्हणाली.

रविवारी पारडीच्या पुलाखाली
नाग नदीच्या काळ्या पाण्यात गुडघाभर उतरून
तिनं काठाशी वाळ्याचे सतरा ठोंब खोवले.
समुद्र तिनं पाहिला नाही,
पाण्याची उंची तेवढी पाठ आहे.

काल मोजले तर नऊ.
आज सकाळी आठ,
अन् शेजारच्या बकरीच्या तोंडाला
वाळ्याचा वास.