दहावी खिडकी

बस खालच्या पुलापाशीच थांबते.
वर तिला वळायला जागा नाही, असं ड्रायव्हर म्हणाला,
म्हणजे बहुधा असंच म्हणाला,
आणि नुसत्या हनुवटीने डोंगराचा माथा दाखवला:
तिथे? तिथे कोण आहे आता.

चढण. मग वेशीची कमान.
आत गल्ली इतकी अरुंद
की हात पसरायला गेले तर कोपरं दगडाला टेकली.
हे माप आठेकशे वर्षांपूर्वी
एका गाढवाने ठरवलं असणार,
दोन्ही कुशींना लाकडं लादलेल्या.
पायऱ्या मधोमध खोलगट, पळीसारख्या.
मी कडेकडेने चढले,
कुणाच्या पावलात पाऊल पडायला नको.

एर्सिलिया भेटली ती खुर्चीवर उभी,
दुसऱ्याच्या घराची खिडकी उघडताना.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तिच्याहून जड वाटावा असा.
गुरुवार हा घरांना वारा द्यायचा दिवस.
एकेक दार उघडायचं, आत जाऊन उभं राहायचं,
मोठ्याने दोन वाक्यं बोलायची
(भिंतींना ओल धरते, कुणी बोललं नाही तर)
आणि पुन्हा कुलूप.

प्रत्येक किल्लीला एक चिंधी.
निळी बेल्जियमला गेली, कोळशाच्या खाणीत.
हिरवी तोरोंतोला, तिथे तिची बेकरी आहे.
पिवळी ब्वेनोस आइरेसहून परत आली,
पेटीतून.
पांढऱ्या तीन आहेत. त्यांच्याबद्दल ती काही बोलली नाही.

माझ्याकडे तिच्या भाषेतले बावीस शब्द,
तिच्याकडे माझ्या भाषेतला एकही नाही.
तुमच्याकडेही गावं अशी रिकामी होतात का,
असं तिने विचारलं असावं.
मी आपली मान हलवली,
आपण हलवतो तशी, ना होय ना नाही.
तिने काय घेतलं कोण जाणे,
दंडावर थोपटलं
आणि तपकिरी चिंधीची किल्ली सोडवून हातात ठेवली.
पलंग आहे. नळाला पाणी आहे.
बाकी विचारू नको.

रात्री त्या घरात मी एकटी.
छताला आकडे, पूर्वी डुकराच्या तंगड्या टांगायचे ते.
जॅमच्या बरणीत बटणं.
आणि टेबलावर सुरीच्या बारीक रेघा,
शेकडो, एकमेकींवर चढलेल्या,
सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.
बोट फिरवत बसले बराच वेळ,
तेव्हा कुठे कळलं:
लाटलेल्या पिठाच्या पट्ट्या इथे कापणारं माणूस
डावखुरं होतं.
मग दिवा घालवावासा वाटेना.
तसाच ठेवून झोपले.

सकाळी एर्सिलिया हातात अख्खा पाव घेऊन दारात.
समोरच्या डोंगरावरच्या गावातून फोन आला होता,
कोस्तान्झोचा.
त्याला झोप येत नाही, तो रोज रात्री
दरीपलीकडून आमच्या खिडक्या मोजतो.
नऊ असतात.
काल दहा भरल्या.
त्याने पुन्हा मोजल्या, चष्मा पुसून,
मग बायकोला उठवून तिच्याकडून मोजून घेतल्या.
तिकडे कोण आलंय, म्हणून विचारत होता.

तू काय सांगितलंस?
त्यावर ती एकच शब्द बोलली, लांबलचक, हसत,
माझ्या बावीसांत नसलेला.

मग पाव माझ्यापुढे सरकवला, सुरी वर ठेवली,
बरोबर मधोमध,
आणि खुर्ची ओढून समोर बसली.
मी सुरी उचलली.
ती पावाकडे बघत नव्हती,
माझ्या हाताकडे बघत होती.

उजवा.

तिने नुसतं हं केलं,
एप्रनवरचा नसलेला भुगा झटकला
आणि म्हणाली,
बस साडेदहाला आहे,
खा.