बी

थॉमसनच्या बागेत आम्ही बी विसरूनच गेलो होतो.
घड जीएच्या पाण्यात बुडवायचे,
मणी लांबवायचे, कॅलिपर लावून मोजायचे,
खाणाऱ्याच्या दाताला काही अडू नये
एवढीच आमची शेती.

मग सुदर्शननं सावळजच्या वरच्या मळ्यात,
मुरमाच्या पट्टीवर, जिथं बाभळसुद्धा
विचार करून वाढते,
तीन एकर शिराज लावली.
मांडव नाही. तारांवर उभ्या ओळी,
प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या.

तासगावचा व्यापारी सहज म्हणून आला.
काळा घड, मुठीएवढा, वर उचलून बघितला,
एक मणी तोंडात टाकला, थुंकला :
करवंदं लावलीत का काय?

बेदाण्याच्या शेडातल्या जाळ्या निघाल्या,
स्टीलच्या टाक्या आल्या.
गंधकाचा जुना वास भिंतींतून अजून गेलेला नाही.
पत्रिका द्यायला आलेले पाहुणे
शेडकडं पाठ करून चहा पितात,
आणि निघताना एखादा, चपला घालता घालता,
हळूच विचारतो : एखादी बाटली, पेपरात गुंडाळून?

सुदर्शनकडं यंत्र आहे, डोळ्याला लावायचं.
रसाचा एक थेंब, आणि निळ्या पट्टीवर साखर दिसते.
चोवीस, म्हणाला तो. उद्या पहाटे तोडायचं.
बायकांना सांगून झालं, क्रेट धुऊन पालथे घातले.

तेव्हा गजराआत्या ओळीत शिरली.
तिनं जन्मात वाईनचा थेंब चाखलेला नाही.
मणी चावला, गर गिळला,
बी तेवढी दाढेखाली धरली
आणि ऐकत राहिली.
"हिरवी हाय अजून. मोडत नाय, चिंबती.
भाजल्या शेंगदाण्यागत वाजाय पायजे."
मग क्रेटकडं बघत, आमच्याकडं नाही,
"मला चौदाव्यात दिली.
कुणी बी चावून बघितली नव्हती."

सुदर्शननं बायकांना फोन लावले.
चार दिवस दंडोबावर ढग येऊन बसायचे,
चार रात्री घरात कुणी धड झोपलं नाही.
पाचव्या पहाटे, डोक्याला बॅटऱ्या बांधून,
ओळीओळीनं कात्र्यांचा आवाज.
आत्याच्या दाढेखाली कट्‌ झालं
ते मला दोन ओळी पलीकडं ऐकू आलं,
असं मी सांगतो. खरं-खोटं राहू दे.

पुढच्या वर्षी पुण्याहून चौघे आले.
पेला कलता धरून, नाक आत घालून म्हणाले :
जांभूळ. काळी मिरी. पावसात विझलेली चूल.
सुदर्शन वहीत उतरून घेत होता.
दारात आत्या, पदराला हात पुसत.
एकानं विचारलं, तुम्ही नाही घेणार, मावशी?

"घेतली की मी बी," ती म्हणाली. "बी तेवढी."

त्यांना कळलं नाही. ते हसले.
ती माडीवर गेली. तिथं जुन्या जाळ्यांवर
चोथ्यातून वेचलेल्या बिया वाळत घातल्यात.
कशाला, ते अजून कुणी विचारलेलं नाही.