चौदावी ओळ

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कुणी नसताना एक स्क्रिप्ट उठते,
कंटेनरांची यादी उचलते
आणि खाडीपलीकडे, न्हावाशेवाच्या सर्व्हरवर ठेवून येते.
एकोणीस वर्षं. एक खाडा नाही.

तोरसकरांनी लिहिलेली.
जाताना ड्रॉवरच्या किल्लीसोबत माझ्याकडे दिली,
म्हणाले, हिला हात लावू नकोस. चालतेय.

हात लावायला लावला तो ऑडिटवाल्यांनी.
चौदाव्या ओळीत, अवतरणचिन्हांच्या मधोमध,
उघडा पासवर्ड:
अनसूया, आणि पुढे एकोणऐंशी.

निरोपाच्या दिवशी वहिनी आल्या होत्या.
त्यांचं नाव प्रमिला.
मुलगी नाही, दोन मुलगे. मोठा भाषणही करून गेला.

म्हणजे रोज रात्री पलीकडून विचारणा व्हायची,
तीनशे एकतीस: कोण ते कळलं, आता गुपित सांगा,
आणि हा माणूस, उखाण्याचा आडपडदाही न ठेवता,
नाव घ्यायचा.
पोस्टकार्डावर लिहावं तसं उघडं,
वाटेत कुणीही वाचावं असं.
पलीकडून उत्तर: दोनशे तीस. या आत.

मी जोडकिल्ली बनवली.
एक भाग पलीकडे दिला; तो दारावरच्या पाटीसारखा,
जगाने पाहिला तरी बिघडत नाही.
दुसरा इथेच, स्क्रिप्टच्या खात्याखेरीज
कुणाला वाचता येणार नाही असा.
चौदावी ओळ पुसली.
पण पुसून काय होतं?
बॅकअपच्या टेपा आहेत, लॉग आहेत,
शिकाऊ पोरांनी घरी नेलेल्या प्रती आहेत.
पासवर्ड पुसायचा नसतो, निकामी करायचा असतो.

पलीकडे फोन लावला. खोत नावाचा कुणी होता.
म्हणाला, मॅडम, बंद करतो,
खात्रीसाठी जुना पासवर्ड तेवढा सांगा.
म्हटलं, पासवर्ड फोनवर सांगत नाहीत.
इतक्या ठामपणे मी ऑफिसात कधी बोलले नव्हते.

दिवाळीनंतर तोरसकर आले, पीएफच्या कागदांसाठी.
"चालतेय ना?"
"चालतेय."
"हात लावलास?"
"चौदाव्या ओळीला. तेवढाच."
ते खिडकीतून गोदीतल्या क्रेनकडे बघत राहिले.
एक कंटेनर वर गेला, बराच वेळ लोंबकळला, उतरला.
"बरं केलंस," म्हणाले. "उघडंच होतं ते."
मग चहात साखर कमी असल्याची तक्रार केली,
आणि सही करताना तारीख चुकवली.