समुद्राकडे पाठ

एकतीस वर्षं मी वाल्पाराईसोच्या टेकड्या चढलो
आणि समुद्र असा पाहिलाच नाही.
पाण्याचे मीटर घरांच्या मागच्या अंगाला असतात,
डोंगराला टेकलेल्या भिंतीत, पोटरीएवढ्या उंचीवर.
वाकायचं, झाकण उघडायचं, आकडा टिपायचा.
पुढचं घर.
समुद्र पाठीमागे असायचा,
मानेवर ऊन पडलं की कळायचं.

निवृत्तीच्या पैशातून ही हिरवी सायकल घेतली,
बंदरातल्या बेलिसारिओकडून, जुनीच.
तो म्हणाला, "एलेउतेरिओ, डोकं ठिकाणावर आहे ना?
या गावात जिन्यांनाच रस्ता म्हणतात."
खोटं नाही.
निम्मी वाट मी सायकलवर,
निम्मी वाट सायकल माझ्यावर.

टेकड्यांची नावं तरी ऐका:
एक आनंद, एक सुखं, एक फुलपाखरं,
एक जोगिणी, एक तुरुंग.
आनंदावर चढताना साखळी पडली,
काळे हात घेऊन वर पोचलो.
तुरुंगावर मात्र वारा मोकळा होता.
सुखांचा चढ तर असा अंगावर आला
की कठड्यावर बसलेली दोन पोरं ओरडली,
"आजोबा, हलका गिअर टाका!"
टाकला होता, बाळांनो.
त्याच्या खाली गिअर नाही.

कुत्री अजून भुंकतात,
गणवेश नसला तरी.
जुनी थकबाकी.

फुलपाखरांवर जायचं मी टाळत होतो.
त्या उन्हाळ्यातल्या वणव्यात माथ्यावरची आळीच्या आळी गेली.
आग विझल्यावर चौथ्या दिवशी कंपनीनं मला धाडलं,
नोंद करायला.
भिंती नव्हत्या. मीटर होते.
राखेत उभे, पितळेचे, काळवंडलेले,
आणि त्यातल्या एकाचा काटा फिरत होता.
चारशे सतरा. चारशे अठरा.
कुठल्याशा फुटक्या नळीतून
पाणी अजून इमानानं वर येत होतं,
घागर धरायला कुणी नव्हतं तरी.
मी आकडा टिपला.
दुसरं काय येत होतं मला?
बिल रोसाल्बाबाईंच्या नावानं निघालं.
ते मी पोचवलं नाही.
अजून आहे, पाकिटात, घडीवर फाटलेलं.

आज गेलो.
शेवटची शंभर पावलं सायकल ढकलत,
छातीचा भाता करून.
त्याच जागी नवं घर, पत्र्याचं, दाराला निळा रंग.
रोसाल्बाबाई भांडी विसळत होत्या.
वर न बघताच म्हणाल्या, "किती आलं?"
"काही नाही. नुसता आलोय."
"नुसतं कोण येतं इथवर?"
मग टवका उडालेल्या पेल्यात पाणी दिलं.
मला ठाऊक आहे,
तेही तीन पंपांवर थांबून, धापा टाकतच येतं.

पाकीट काढलं, परत ठेवलं.

"आता आलाच आहात तर वळा तिकडे," त्या म्हणाल्या.
मी वळलो.

क्रेन होत्या, जहाजं होती,
एक राखाडी युद्धनौका सावलीत झोपल्यासारखी.
बाकी सगळं पाणी.
मी सवयीनं काटा शोधला.
झाकणसुद्धा नव्हतं.

उतरताना ब्रेक इतके किंचाळले
की बायका खिडकीत आल्या.
अजून तीसेक टेकड्या राहिल्यात.
आधी ब्रेकची रबरं बदलायला हवीत.