वाकडी तार

फेगडे काका रिटायर झाले तेव्हा
फॅक्टरीनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
दोन्ही कपाटात आहेत.
खिशात असते ती तार,
सायकलच्या स्पोकची, टोक घासून वाकवलेली,
मुंगीच्या पायाएवढा आकडा.

रविवारी वरणगावहून एसटीनं भुसावळला येतात.
रायफल क्लबच्या पत्र्याखाली
उडालेल्या पुंगळ्या आम्ही त्यांच्यापुढे ओततो
भुईमुगाच्या शेंगांसारख्या.
ते एकेक उचलतात, तार आत सोडतात,
बुडाला टेकवून हळू वर ओढतात.
डोळे मिटलेले. पत्रा तापून कडकडतोय.

"हाये. अठी खाच हाये."

मला काहीच लागत नाही.
बाहेरून पुंगळी लख्ख,
फक्त बुडाच्या जरा वर एक उजळ कडं,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतं तसं.

"पितळाले नावं नको ठेवू, भो.
बोल्ट आन् बूड, मधी केसाइतकी फट.
बार झाला का पुढचं अंग भिंतीले चिकटतं,
बूड मागं सरकतं,
मधलं बिचारं ताणलं जातं.
आन् तुम्ही पोरं दर खेपी डायमधी दाबून
खांदा पार मागं नेता, नव्यासारखा.
नव्यासारखा कायले?
ज्या घरात राह्यचं, त्या घराच्या मापाची ठेवा."

मग बराच वेळ नुसती तार खरखरते.

एकदा, कुणी विचारलं नसताना, म्हणाले:
भोंगा झाला होता. एक ट्रे राहिला होता.
गेज न लावता मी सही केली.
चाचणीला हुसेन तडवी होता.
डोळा वाचला.
डावी भुवई पुन्हा उगवलीच नाही.
अजून ईदला डबा येतो त्याच्याकडून,
झाकणावर माझं नाव,
अक्षर त्याचंच.

खाच लागलेली प्रत्येक पुंगळी
ते पक्कडीनं तोंडाशी चेपतात,
चुकूनही परत कुणी भरू नये म्हणून.
चाळीसातल्या अकरा.

बारावी त्यांनी चेपली नाही.
करवतीनं उभी चिरली, अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.
काळपट आत, रेघ दिसेना.
"बोट नको. नख लाव."

नख अडकलं.

ते माझ्याकडे बघतही नव्हते.
माठातलं पाणी प्यायले, तार रुमालात गुंडाळली,
पाचची गाडी म्हणे कधीकधी आधीच सुटते.